अभयारण्यातलं गाव, सामूहिक वनहक्क आणि वनखातं: आराखडा एकत्र कसा करावा?

डोंगरमाथा

नमस्कार मंडळी,

आमचं गाव भीमाशंकर अभयारण्याच्या पट्ट्यात. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याशी आज वाद चाललाय त्यांच्यासोबतच उद्या बसायचंय. वनहक्क कायद्याखाली (२००६) सामूहिक दावा केला होता. बरीच वर्षं अडकून पडला, अखेर मंजूर झाला. टायटल (हक्काचा अधिकृत कागद) हातात आलं तेव्हा म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी होतं.

आता पुढचं काम. ग्रामसभेने जंगलाचा व्यवस्थापन आराखडा करायचा आहे, आणि वनखात्याकडे अभयारण्याचा आराखडा आधीपासून आहे. दोन्ही शेजारी ठेवले की तीन जागी अडतं: वणवा, राबासाठी (भाताची रोपं करायच्या जागेवर पाला-फांद्या भाजायला) होणारी तोड आणि बाळहिरडा (हिरड्याचं कोवळं फळ, वाळवून विकतात).

खात्याचं म्हणणं, अभयारण्यात कशालाही हात लावायचा नाही. गावातल्या काही पोरांचं म्हणणं, टायटल मिळालं, आता आम्हाला कोण विचारणार? मला दोन्ही पटत नाही. हे साधारण १३० चौरस किलोमीटरचं रान १९८५ साली शेकरूसाठी (झाडांवर राहणारी मोठी खार) अभयारण्य झालं. त्यातल्या देवराया मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून लोकांनीच राखल्या. जो नियम पाळणार त्यानेच तो ठरवावा, तरच तो टिकतो असं माझं ठाम मत आहे. पण बीटवरच्या (नेमून दिलेल्या जंगलपट्ट्यावरच्या) वनरक्षकाची साथ नसेल तर गावाला एकट्याला तो राबवता येणार नाही, हेही दिसतंय.

कुणी असा आराखडा केलाय का? सुरुवात कुठून करावी?

नियमपोथी

आधी मनापासून अभिनंदन!

पहिलं काम म्हणजे टायटल नीट वाचा. सरपण, गवत, गौण वनोपज, चराई असे फक्त वापराचे हक्क लिहिलेत, की कलम ३(१)(आय) प्रमाणे जंगलाचं संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्कही आहे? पहिल्या प्रकारचा दावा 'नमुना ख' वर होतो, दुसरा 'नमुना ग' वर. बऱ्याच गावांच्या हातात पहिलाच कागद असतो आणि गावाला वाटतं जंगल मिळालं. तुमचा पहिला असेल तर दुसरा दावा आजही करता येतो.

अभयारण्यात हा कायदा लागत नाही असं कुणी म्हणालं तर वनजमिनीची व्याख्या दाखवा. तिच्यात अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानं स्पष्ट लिहिलेली आहेत. शिकारीचा हक्क मात्र कायदा देत नाही, आणि कलम ५ वन्यजीव, जैवविविधता, पाणलोट सांभाळायची जबाबदारीही देतं. हे पोरांनाही वाचून दाखवा.

दोन आराखड्यांचं भांडण कसं सोडवायचं त्याची सोय २०१२ च्या नियमदुरुस्तीत आहे. नियम ४(१)(ई) खाली ग्रामसभेने नेमलेल्या समितीने आराखडा करायचा, आणि तो खात्याच्या आराखड्याशी जोडून घ्यायचा. त्यात कोणते फेरफार लागतील हे समितीने ठरवायचं. म्हणजे लेखणी तुमच्या हातात आहे.

पानगळ

लेखणी हातात आहे, पण झाडाच्या बाजूने कोण बोलणार? मी बरीच वर्षं शेकरूच्या नोंदी ठेवणाऱ्यांबरोबर हिंडतो, म्हणून कळकळीने लिहितो. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतं. या झाडावरून त्या झाडावर उडी मारत जातं, आणि एकाच शेकराची घरटी चार-पाच झाडांवर असतात. वरचं छत्र सलग असेल तरच ते जगतं. राबासाठी ऐनाच्या, जांभळाच्या फांद्या बुंध्यापर्यंत छाटल्या की झाड मरत नाही, पण छत्र तुटतं. कागदावर जंगल तेवढंच दिसतं, शेकरूसाठी मात्र वाट बंद झालेली असते.

गावांचा हक्क मला मान्य आहे. पण 'लोकांनी देवराया राखल्या' हे वाक्य सगळ्या रानाला लावू नये. देवराईला देवाचा धाक होता, बाकीच्या रानाला नव्हता.

कातळफूल

पानगळ, तुमची काळजी खरी आहे, पण देवाचा धाक एकटा पुरत नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया धुंडाळल्या, तेव्हाही काही तुटत चाललेल्या त्यांना दिसल्या. जिथे गावाची एकी मोडली किंवा ठेकेदाराचा पैसा आला, तिथे देव असूनही राई गेली.

रानवेळ

शेकरूला पण ग्रामसभेत बोलवा, कोरम तरी पुरा होईल 😄

जुनाबीट

रानवेळ, कोरमचं दुखणं बरोबर पकडलंत!

मी खात्यात होतो. वनरक्षक म्हणून लागलो, वनपाल म्हणून निवृत्त झालो. डोंगरमाथा, वणव्यापासून सुरुवात करा असं मी हक्काने सांगतो. तिथे गाव आणि खातं यांचं हित तंतोतंत एक आहे. हिरड्यावर भांडण होईल, राबावर होईल. आग लागली की दोघं एकाच बाजूला धावतात.

आग लागते कशी ते आधी गावात मोकळेपणाने बोला. गवत जाळलं की पुढच्या साली चांगलं येतं, या समजुतीने कुणी काडी टाकतं. मोहोळाला धूर करताना ठिणगी पडते. दाढ (भाताच्या रोपांची जागा) भाजताना वारा फिरतो आणि आग बांध ओलांडते. हल्ली कड्यावर रात्री मुक्काम करणारे शेकोटी तशीच सोडून जातात. चारही कारणांचा इलाज वेगळा आहे. एकच फलक लावून चारही थांबत नाहीत.

वणव्याचा हंगाम खातं १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत धरतं. जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे) हंगाम सुरू व्हायच्या आत पुऱ्या व्हायला पाहिजेत. दरवर्षीचं दुखणं असं की मजुरीचा निधी उशिरा येतो, आणि तोवर गवत सुकून कडकडीत झालेलं असतं. ग्रामसभेने लिहून द्यावं की जाळरेषा गाव काढेल, अमुक सोंडेवरून तमुक ओढ्यापर्यंत, आणि मजुरी थेट समितीच्या खात्यात यावी. रेषा कुठून काढायची हे गुराख्याला विचारा. सांजेला वारा कोणत्या खिंडीतून चढतो हे त्याला नकाशाशिवाय माहीत असतं. आमच्या एका बीटवर रेषा सरळ सोंडेने काढायचो आणि आग दरवर्षी बगलेतून निसटायची. एका म्हाताऱ्या धनगराने रेष खाली, कारवी संपते तिथे घ्यायला लावली. तिथली जमीन ओलसर, गवत विरळ. आग तिथे आपोआप मंदावते.

आणि एक. वनरक्षकाला शत्रू समजू नका. शेकडो हेक्टरचा बीट आणि माणूस एक, अशी त्याची गत असते.

माळावरची

जुनाबीट काकांचा प्रतिसाद छापून पंचायतीत लावावा असा आहे.

आमच्याकडे बाळहिरड्यावर चालतं पोट, म्हणून तेवढ्यापुरतं लिहिते. मार्च उजाडला की बायापोरं रानात. वाऱ्याने पडलेला वेचायचा, बाकीचा झाडावर चढून झोडायचा. हिरवा असतो तेव्हा बोटाच्या पेराएवढा, कातळावर पसरला की काळा पडून सुरकुततो. मधेच वळवाचा पाऊस आला तर बुरशी धरते आणि व्यापारी निम्म्या भावाने मागतो. सगळ्यात वाईट काय, तर एकाने लवकर झोडायला सुरुवात केली की दुसराही थांबत नाही. 'मी नाही घेतला तर तो नेईल' या भीतीने कोवळा, भरलेला नसलेला माल निघतो. फांद्या मोडतात त्या याच घाईत.

आम्ही बायांनी एका बैठकीत तीन गोष्टी ठरवल्या. वेचणीची तारीख ग्रामसभा सांगेल, त्याआधी कुणी झाडावर चढणार नाही. फांदी मोडून आणलेला माल गटाच्या वजनकाट्यावर घेणार नाही. आणि प्रत्येक पाड्याने काही झाडं बियाण्याला सोडायची, त्यांना चुन्याचा पट्टा. बाळहिरडा सगळाच काढला तर पिकलेलं फळ उरत नाही, मग नवं झाड येणार कुठून? माझ्या आजीच्या वेळच्या झाडांवर आम्ही जगतोय, हे बायांना पटवायला वेळ लागला नाही.

पुरुषांना लागला. कारण बैठक रात्री नऊला, देवळात, आणि बाया त्या वेळी भाकरी थापतात. म्हणून माझं सांगणं, डोंगरमाथा दादा, आराखड्याची सभा दुपारी ठेवा.

नियमपोथी

माळावरची ताई, तुमच्या म्हणण्याला कायद्याचा आधार आहे. वनहक्काच्या कामासाठी ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची हजेरी लागते, आणि हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश बाया हव्यात. नसतील तर ठराव टिकत नाही. सभेची वेळ हा खरोखर कायद्याचा प्रश्न आहे.

पानगळ

चुन्याचा पट्टा फार आवडला. ही झाडं निवडताना दोन झाडांच्या फांद्या एकमेकांना भिडतात का एवढं बघाल? मग हिरड्याचं बी आणि शेकराची वाट दोन्ही एकदम राखली जातील. मी यायला तयार आहे, नुसतं झाडं दाखवायला. निर्णय तुमचा.

माळावरची

या की. पण चढावर दम लागला म्हणू नका 🙂

पूर्वेचा_वारा

एवढी चर्चा झाली आणि मेंढा (लेखा) चं नाव नाही? गडचिरोलीच्या त्या गावाला २००९ साली १८०९ हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्यांचीच. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, केंद्रीय मंत्री गावात येऊन देऊन गेले. तिकडे अभ्यासगट होते, सर्वसहमतीशिवाय निर्णय नाही. तेच इथे करा, वेगळं काय शोधायचंय?

कातळफूल

मेंढ्याबद्दल आदर आहेच, पण जसंच्या तसं उचलता येणार नाही. तिथे बांबू आहे, दरवर्षी विकता येतो, त्यातून ग्रामसभेच्या हातात पैसा खेळतो. भीमाशंकरच्या डोंगरात तसं एकगठ्ठा उत्पन्न नाही. हिरड्याची बरीच झाडं मालकी रानात आहेत, म्हणजे नियम फक्त वनजमिनीला लावला तर निम्मं काम बाहेर राहील. शिवाय ते अभयारण्य नाही, हे अभयारण्य आहे. अभ्यासगटाची आणि सर्वसहमतीची रीत मात्र जरूर घ्या.

अभयारण्याला जवळचं उदाहरण कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन डोंगराचं. तिथल्या सोलिगा आदिवासींना २०११ मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या आत सामूहिक हक्क मिळाले. ते पूर्वी रानातला पाचोळा लवकरच्या दिवसांत हलक्या आगीने जाळत. १९७४ साली अभयारण्य झालं, आग बंद झाली, आणि पुढे घाणेरीने (बाहेरून आलेलं झुडूप) रान भरलं. सोलिगा सांगत होते की आमची आगच तिला आवरत होती. त्यांचं म्हणणं नंतर अभ्यासकांनीही उचलून धरलं.

जुनाबीट

कातळफूल, इथे जोरात हरकत घेतो. सोलिगांचं रान कोरडं, पानझडीचं. आमच्या माथ्यावर जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा, सदाहरित रान. तिथे पाचोळ्यातली हलकी आगही रोपं मारते. 'तिकडे आग चांगली' एवढंच ऐकून कुणी काडी लावली तर पाच-पंचवीस वर्षांची वाढ एका दुपारी जाईल. कृपया हे वाक्य अर्धवट पसरवू नका.

कातळफूल

मान्य, आणि तेच म्हणायचं होतं. आग असावी की नसावी हे जागेवर ठरतं, आणि जागा ओळखणारी माणसं गावात असतात. उलटं उदाहरण आपल्या शेजारचं, कासचं. गर्दीपासून फुलं वाचवायला पठाराला कुंपण घातलं. गुरांची ये-जा थांबली, गवत माजलं, फुलांना जागा कमी पडू लागल्याची ओरड झाली, आणि पुढे ते कुंपण काढावं लागलं. हेतू चांगलाच होता. आधी गुराख्यांशी बोलायला हवं होतं.

रानवेळ

अवांतर: रानमोडीवर (झपाट्याने पसरणारं तण) कुणाकडे उपाय आहे का? आमच्या वाडीवर रस्ता रुंद झाला आणि दोन्ही कडांना तीच. गुरं तोंड लावत नाहीत.

जुनाबीट

फुलायच्या आत मुळासकट उपटा. नुसती कापलीत तर दुप्पट फुटते. फुलल्यावर उपटलीत तर बी वाऱ्यावर. आणि उपटल्यावर जागा उघडी ठेवू नका. आराखड्यात घाला हे, मजुरीच्या कामात बसतं.

वसाहतकर

मी वरचं सगळं वाचलं. माझं गाव चांदोलीच्या आतलं, आता नाही. आम्ही खाली वसाहतीत राहतो. कोयनेच्या धरणाने एक पिढी उठली, अभयारण्याने दुसरी. पुढे २०१० मध्ये कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ यावा असं मलाही वाटतं. पण त्या डोंगरातली पाण्याची झिळी, कुंभ्याची झाडं, गव्याच्या वाटा ज्यांना पाठ होत्या ती माणसं आज खाली कामाच्या शोधात हिंडतात. त्यांना कुणी जंगलाच्या राखणीसाठी विचारलं नाही.

डोंगरमाथा, तुमच्याकडे टायटल आहे ही फार मोठी गोष्ट आहे. आता कायदा सांगतो की हक्क निश्चित झाल्याशिवाय आणि ग्रामसभेच्या लेखी संमतीशिवाय कुणाला हलवता येत नाही. आमच्या वेळी हा कायदा नव्हता. आराखडा लवकर करा. कागद रिकामा ठेवू नका.

डोंगरमाथा

वसाहतकर काका, तुमचं लिहिणं ग्रामसभेत वाचून दाखवतो, तुमची परवानगी असेल तर.

वसाहतकर

दाखवा.

पूर्वेचा_वारा

पैशाचं काय पण? सगळं श्रमदानावर किती दिवस चालेल? नेपाळमध्ये राष्ट्रीय उद्यानाच्या उत्पन्नातला ३० ते ५० टक्के वाटा भोवतालच्या गावांच्या विकासाला जातो, १९९० च्या दशकापासून तसा नियमच आहे. भीमाशंकरला एवढे भाविक येतात, त्यांच्या गाड्यांचा, कचऱ्याचा बोजा जंगलावर पडतो, मग त्यातला वाटा राखणाऱ्या गावांना का नको?

नियमपोथी

वाटा हवाच, आणि मागावा. तूर्त हाताशी आहेत ते मार्ग: रोजगार हमीतून जाळरेषेची, जलसंधारणाची कामं, आदिवासी विकास विभागाचा निधी, अभयारण्यातल्या गावांना श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना, जिच्यातून गॅसजोडण्या मिळतात आणि सरपणाचा ताण कमी होतो. फक्त एक काळजी घ्या. योजनेसाठी वेगळी समिती करा असं सांगितलं जाईल. गावात दोन समित्या झाल्या की दोन गट झालेच म्हणून समजा. ग्रामसभेच्या ४(१)(ई) समितीकडेच काम द्या असा ठराव आधी करून ठेवा.

माळावरची

पर्यटनाच्या पैशावर मात्र जपून. पार्किंगची पावती कोण फाडणार यावरून सख्खे भाऊ बोलेनासे झालेले मी पाहिलेत. त्यापेक्षा मध बरा. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. सातेरी मधमाश्यांच्या पेट्यांना फुलोरा लागतो, फुलोऱ्याला रान लागतं. रान राखलं तरच धंदा चालतो, हे पोरांना समजावून सांगावं लागत नाही.

डोंगरमाथा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुपारी (ताईंचं ऐकून दुपारीच) बैठक घेतली. बाया खरंच आल्या, आणि राबाचा तिढा त्यांनीच हलवला. टहाळ (पाल्यासकट फांद्या) डोक्यावरून आणतात त्याच, त्यामुळे अंतर किती आणि ओझं किती हे त्यांना पक्कं ठाऊक. ठरलं असं की यंदा काही खाचरांवर दाढ न भाजता गादीवाफ्यावर, भाताच्या तुसाची राख घालून रोपं करून पाहायची. बांधांवर गिरिपुष्प (पाल्याचं खत देणारं झाड) लावायचं. ज्यांना राब भाजायचाच आहे त्यांनी घरच्या मालकी रानातला टहाळ घ्यायचा, वनातल्या झाडाचा शेंडा आणि वरचं छत्र सोडायचं. पानगळ, हे तुमच्यामुळे आलं.

हिरड्याची तारीख ठरली. जाळरेषेची पाहणी वनरक्षकासोबत होणार आहे, तो स्वतःहून येतो म्हणाला.

एक प्रश्न राहिला. बाहेरून टोळ्या येतात, नरक्याची झाडं तोडून पोती भरून नेतात. गावातली दोन-तीन पोरंही मजुरीला जातात त्यांच्यासोबत. टोळी दिसली तर गावाने काय करावं?

जुनाबीट

अडवायला एकट्या-दुकट्याने जाऊ नका. त्या लोकांकडे कोयते असतात आणि मागे मोठा व्यापारी असतो. कर्करोगावरच्या औषधाला लागणारं द्रव्य त्या झाडात आहे, म्हणून एवढी मागणी. गाडीचा नंबर, वेळ, वाट टिपा, फोटो काढा, परिक्षेत्र कार्यालयाला फोन करा आणि त्याच दिवशी लेखी अर्जही द्या. अर्जाची पोच घ्या. फोनची नोंद राहत नाही, पोच राहते. जप्ती आणि पंचनामा खात्याने करायचा, पंच म्हणून गावातली माणसं उभी राहू द्या. साक्षीला माणूस मिळत नाही म्हणून किती प्रकरणं पडतात हे मी डोळ्यांनी बघितलंय.

नियमपोथी

आणि पोरांचं नाव आधी पोलिसांत देऊ नका, ग्रामसभेत बोलवा. जाळरेषेच्या आणि राखणीच्या मजुरीत त्यांना पहिलं घ्या. नरक्या कुठे उरलाय हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसणार. त्या जागा नकाशावर घ्यायच्या आहेत, पण आराखड्याच्या जाहीर प्रतीत त्या छापू नका. ग्रामसभेच्या दप्तरात वेगळ्या पाकिटात ठेवा.

माळावरची

आमच्या ठरावाची प्रत डोंगरमाथा दादांना व्यक्तिगत निरोपातून पाठवली आहे. वजनकाट्याचा नियम तिसऱ्या पानावर आहे. तारखेचा रकाना कोरा ठेवलाय, हिरडा दरवर्षी एकाच वेळी भरत नाही.